रेडिओ निवेदकाची नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली एकोणीस वर्षं मी आकाशवाणीच्या एका जिल्हा केंद्रावर 'कॅज्युअल' (कायम नसलेली, ड्युटीपुरती मानधनावर बोलावलेली) निवेदक आहे आणि रविवारी आवाजाचे वर्ग घेते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर प्रश्न येतात, बहुतेक रात्री अकरानंतर. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या केंद्रांना धरून आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिलाय.

१. निवेदक, उद्घोषक, आरजे हे सगळे एकच ना?

माइकसमोर बोलायचं एवढंच सारखं. आकाशवाणीच्या कागदावर 'उद्घोषक' असतो, बोलताना सगळे त्याला निवेदक म्हणतात. तो सभा, म्हणजे सकाळ, दुपार किंवा संध्याकाळचं सलग प्रसारण, चालवतो. क्यूशीटप्रमाणे (दिवसाच्या वेळापत्रकाप्रमाणे) कार्यक्रम सेकंदावर सोडायचे, मधल्या उद्घोषणा करायच्या, दिल्लीच्या बातम्या जोडून घ्यायच्या, काही अडलं तर फिलर (रिकामी वेळ भरणारं गाणं किंवा धून) लावायचा आणि जे घडलं ते लॉगबुकात लिहायचं. युववाणी, महिलांचे किंवा शेतीचे कार्यक्रम सादर करणारा तो 'कंपिअर', त्याची निवड वेगळी. वृत्तनिवेदक आणखी वेगळा (प्रश्न ११). खाजगी एफएमवरचा आरजे दोन गाण्यांच्या मध्ये 'लिंक' बोलतो, आणि हल्ली लिंकपेक्षा रील जास्त करतो.

२. कामं खरंच कमी झालीत, की जुनी मंडळी उगाच रडगाणं गातात?

रडगाणं आहेच, पण कामंही कमी झालीत. मी लागले तेव्हा ड्युटी रूममधला महिन्याच्या ड्युट्यांचा चार्ट दोन पानी होता. दुसरं पान टाचणीनं पहिल्याच्या खाली लोंबायचं आणि पंख्यानं फडफडायचं. आता सगळं एका पानात मावतं, खाली कुणीतरी चहाचा हिशेब लिहितं.

कारण विचारलं की लोक लगेच मोबाइलकडे बोट दाखवतात: ऐकणारे कमी झाले म्हणून बोलणारे कमी झाले. हे अर्धंच खरं. श्रोता टिकला तरी निवेदकाचं काम जाऊ शकतं, कारण निवेदकाला काम मिळतं ते श्रोत्यांच्या संख्येवर नाही. त्या केंद्रावरून दिवसाला किती तास 'इथून' बोललं जातं, त्यावर मिळतं. हे स्थानिक तास आटले. पुढची बरीच उत्तरं याच एका हिशेबावर उभी आहेत.

एक मोठं उदाहरण महाराष्ट्रातलंच. नागपूरच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून १९८८ पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी चालायची. २४ डिसेंबर २०१८ च्या आदेशानं ती बंद झाली. त्याच आदेशात अहमदाबाद, हैदराबाद, लखनौ, शिलाँग आणि तिरुवनंतपुरम इथल्या प्रशिक्षण अकादमीही गेल्या. म्हणजे बोलायची जागा गेली आणि बोलायला शिकवणारी जागाही.

३. पण २०२३ मध्ये ९१ नवे टॉवर सुरू झाले ना? आणि ७३० नव्या एफएम वाहिन्यांचं काय? माणसं तर लागणारच.

हा प्रश्न दर महिन्याला येतो, सोबत बातमीचं कात्रण असतं. २८ एप्रिल २०२३ ला पंतप्रधानांनी ९१ एफएम प्रक्षेपकांचं उद्घाटन केलं हे खरं. ते प्रत्येकी १०० वॅटचे आहेत. पण प्रक्षेपक म्हणजे केंद्र नव्हे. ज्या जागी दुसरीकडचा कार्यक्रम नुसता पुढे सोडला जातो, तिथे खोली, यंत्र, वीज आणि बघायला एखादा तंत्रज्ञ पुरतो. स्टुडिओच नसेल तर माइक कुठून येणार, आणि माइक नसेल तर तुम्ही?

७३० चं प्रकरण वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. मंजुरी झाली, मग लिलाव, मग कुणीतरी बोली लावायची, मग उभारणी. आणि उभारल्यावरही तिथे किती तास स्थानिक बोललं जाईल याचं उत्तर प्रश्न ९ मध्ये आहे. कात्रण जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर हातची नोकरी सोडू नका.

४. 'नेटवर्क'वर गेलं म्हणजे नेमकं काय होतं?

एका केंद्रावर कार्यक्रम तयार होतो आणि बाकीची केंद्रं तो जोडून घेतात. दिल्लीच्या बातम्या अशा जोडण्याची पद्धत पहिल्यापासूनची आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. प्रश्न येतो तो अख्खी सभा जोडली जाते तेव्हा.

कल्पनेतला सोपा हिशेब करू. एका केंद्रावर दिवसाला तीन सभा, प्रत्येकीला एक अशा तीन ड्युट्या आहेत, म्हणजे महिन्याला ९०. एका कॅज्युअलला महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या (प्रश्न ७). म्हणजे पंधरा जणांना पुरेपूर काम. आता एक सभा नेटवर्कवर गेली. उरल्या ६० ड्युट्या, आणि पंधरांचे झाले दहा. कुणालाही काढलं नाही, कुणाच्या नावानं पत्र निघालं नाही, केंद्र जागच्या जागी आहे. फक्त पाच जणांचा फोन वाजायचा थांबला.

यात ऐकणाऱ्याचं काय जातं तेही सांगते. एका ऑगस्टात नदी चढलेली. संध्याकाळी माझी ड्युटी होती आणि बाहेरून आलेला कार्यक्रम जोडलेला. ड्युटी रूमचा फोन थांबेना: पूल चालू आहे का, शेवटची एस.टी. सुटली का. पूल बंद झालाय हे मला पक्कं माहीत होतं, मी स्वतःच लांबच्या रस्त्यानं वळसा घालून आले होते. फेडरवर (माइकचा आवाज सोडायच्या पट्टीवर) माझं बोट. पण तो वेळ आमचा नव्हता. विचारणा वर गेली, होकार खाली आला आणि एका वाक्याची उद्घोषणा जायला चाळीस मिनिटं लागली. तोवर मी एकेकाला फोनवरच सांगत होते. त्या रात्री मी रेडिओ नव्हते, टेलिफोन एक्स्चेंज होते.

५. आकाशवाणीत कायम निवेदकाची भरती कधी निघणार?

वाट बघून पदवीनंतरची तीन-चार वर्षं घालवलेली मुलं मी पाहिलीत, म्हणून स्पष्ट लिहिते: या एका आशेवर थांबू नका. कायम निवेदक निवृत्त होत गेले, जागा रिकाम्या राहिल्या आणि त्यांचं काम कॅज्युअलवर आलं. आज बहुतेक ठिकाणी तुम्ही ऐकता तो आवाज कॅज्युअलचा असतो. प्रसार भारतीच्या (आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेच्या) जाहिराती येतात त्या बहुधा कंत्राटी कामाच्या, आणि त्यातही तांत्रिक, विपणन, डिजिटल अशी पदं जास्त दिसतात. संकेतस्थळावर लक्ष ठेवा. 'आतल्या गोटातून' आलेल्या फॉरवर्डवर नको.

६. कॅज्युअल म्हणून निवड कशी होते?

केंद्र स्वतः जाहिरात देतं, आकाशवाणीवर उद्घोषणा होते, कधी स्थानिक पेपरात येतं. वय, शिक्षण आणि तुम्ही त्या केंद्राच्या परिसरात राहता का या अटी जाहिरातीत असतात. दरवेळी नव्यानं वाचा, मागच्या वेळचं गृहीत धरू नका. साधारण क्रम असा: लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मग मुलाखत. निवड झाल्यावर 'वाणी' नावाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा लागतो.

लेखीत मुलं भाषेवर पडतात आणि चाचणीत नावांवर. समोर आलेला कागद पहिल्यांदाच वाचायचा असतो. त्यात एखादं परदेशी राजधानीचं नाव, रागाचं नाव, संतांचा अभंग आणि खतांचं प्रमाण एकाखाली एक असतं. मी वर्गात पहिला महिना 'च' वर घालवते. 'चहा' आणि 'चमचा' यातले 'च' वेगळे, 'चार' आणि 'चारा' यातलेही. हे घरी आपण न चुकता बोलतो, आणि कागद हातात आला की चुकतो. हिंदी माध्यमांचं ऐकून ऐकून 'चमचा' चहासारखा म्हणणारी पिढी आता वर्गात येते. परीक्षकांच्या कानाला ते पहिल्या ओळीत कळतं.

७. महिन्याला सहाच ड्युट्या का? एवढ्यात घर चालतं?

नाही चालत. वर्षाच्या जास्तीत जास्त ७२ ड्युट्या, आणि चार्टात जागा असेल तरच त्या पुऱ्या होतात. भविष्य निर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही. आजारी पडलात तर ड्युटी दुसऱ्याला. मर्यादा ठेवण्यामागचं कारण उघड आहे: रोज काम दिलं तर माणूस कायम नोकरीचा हक्क सांगेल. 'जास्त लोकांना संधी' असंही एक कारण सांगतात, तेही खोटं नाही.

आमच्या केंद्रावरचे कॅज्युअल म्हणजे शिक्षक, एलआयसी एजंट, एक वकील, दोन गृहिणी, एक झेरॉक्सवाला. पहाटेची सभा करून साडेदहाला शाळेत हजर होणारे सर मी नेहमी बघते. ज्याचं पोट दुसरीकडे भरतं तोच इथे टिकतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही.

८. माझी निवड झाली, पॅनेलवर नाव आहे, पण वर्ष झालं ड्युटी नाही. काय करू?

पॅनेल म्हणजे बोलावण्यास पात्र असलेल्यांची यादी. ड्युटीची हमी त्यात नसते. प्रश्न ४ मधला हिशेब आठवा: चार्ट आकसला की यादीच्या शेपटाला फोन जात नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि सण, सुट्ट्या, परीक्षांचे दिवस यांसाठी तयार असल्याचं कळवून ठेवा. दिवाळीच्या पहाटेची सभा कुणालाच नको असते. मला पहिली नियमित ड्युटी तशीच मिळाली, अभ्यंगस्नान चारला उरकून. त्यानंतरही हलत नसेल तर माहितीच्या अधिकारात महिन्यानुसार ड्युटी वाटप मागता येतं. अर्ज सभ्य भाषेत लिहा, पुन्हा तिथेच बसायचंय.

९. खाजगी एफएममध्ये तरी संधी आहे का?

आहे, पण जी डोळ्यासमोर ठेवून तुम्ही विचारताय ती नाही. खाजगी एफएमची सुरुवात जुलै २००१ मध्ये बंगळूरला रेडिओ सिटीनं झाली. पुढची काही वर्षं प्रत्येक शहराला स्वतःचा सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा, रात्रीचा आरजे होता. खाजगी एफएमच्या परवान्यांसाठी सरकारनं आणलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानं कंपन्यांना आपल्याच वाहिन्या देशभर एकमेकींना जोडायची मुभा दिली. आता छोट्या शहरात सकाळचा कार्यक्रम तिथला असतो आणि बाकीचा दिवस मोठ्या शहरातून येतो, किंवा एकच आरजे तीन शहरांच्या लिंक ओळीनं रेकॉर्ड करून ठेवतो. 'आज आपल्या शहरात काय ऊन आहे' म्हणणारा त्या वेळी एसी केबिनमध्ये दुसऱ्या जिल्ह्यात बसलेला असतो. माझी एक विद्यार्थिनी हे करते. कुठल्या शहरात कुठला चौक, याची वही तिनं केलीय.

दुसरी गोष्ट जाहिरातीची. गावातला सराफ, क्लासवाला, बिल्डर यांच्या पैशावर छोटं स्टेशन चालतं. त्यांचे पैसे इन्स्टाग्रामकडे वळले की पहिली कात्री आरजेच्या खुर्चीला लागते. म्हणून मुलाखतीत आता आवाजाआधी फॉलोअर विचारतात, आणि नेमणुकीत 'क्लायंट इव्हेंट' हेही काम असतं. करार बहुधा वर्षाचा असतो. तो सोडल्यावर किती महिने दुसऱ्या स्टेशनवर जायला बंदी, हे कलम सही करण्याआधी शोधा.

१०. सगळे म्हणतात माझा आवाज रेडिओसारखा आहे. पुरेसं आहे का?

'रेडिओसारखा' म्हणजे जाड आणि हळू असं लोकांना वाटतं. आवाज दहातल्या सहा जणांचा चांगला असतो. बातम्या बारा सेकंद उशिरा जोडल्या गेल्या तर ते बारा सेकंद घाम न फुटता भरता येतात का, हे बघा. काम त्याचं मिळतं.

११. मला बातम्या वाचायच्यात. ती वाट बरी का?

तीही अरुंदच. आकाशवाणीत प्रादेशिक वृत्तविभागासाठी कॅज्युअल वृत्तनिवेदक-अनुवादक घेतात. इंग्रजी किंवा हिंदीतून मराठीत झटपट अनुवाद आणि टायपिंग येत नसेल तर नुसत्या वाचनावर भागत नाही. हे विभागही कायमचे समजू नका. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे द्यायचा निर्णय झाला होता. पुण्यात ओरड झाली आणि त्याला स्थगिती मिळाली. ओरड करायला पुणं होतं म्हणून, असं आमच्याकडचे लोक म्हणतात.

खाजगी एफएमवर स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई आहे. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. वाहतूक, हवामान, पाणी-वीज, परीक्षांचे निकाल अशी माहिती देता येते. त्यामुळे तिथे वृत्तनिवेदकाचं पदच तयार झालं नाही. या एका नियमानं किती नोकऱ्या जन्मालाच आल्या नाहीत, यावर कुणी बोलत नाही.

१२. आता एआय आवाज आलेत. आमचं काय?

दूरदर्शनच्या डीडी किसान या शेतीच्या वाहिनीनं मे २०२४ मध्ये कृष आणि भूमी हे दोन एआय निवेदक आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलंडमधल्या क्राकूवच्या 'ऑफ रेडिओ'नं माणसांऐवजी बनावट सादरकर्ते बसवले, इतकंच नव्हे तर दिवंगत कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची 'मुलाखत'ही ऐकवली. एवढा संताप झाला की प्रयोग काही दिवसांतच गुंडाळावा लागला.

माझं मत असं: वेळ सांगणं, पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगणं, साठवलेली उद्घोषणा लावणं, हे यंत्राकडे जाईल. बरंचसं आधीच संगणकाकडे गेलंय. मराठीत ते अजून पुष्कळदा 'चमचा' चुकवतं (प्रश्न ६), पण त्यावर निर्धास्त राहू नका, ते शिकेल. मात्र आपलं नुकसान यंत्रानं सुरू केलेलं नाही. स्थानिक सभा गेल्या तेव्हा कुठलंही यंत्र नव्हतं, एक परिपत्रक पुरलं. यंत्र उरलेल्यावर येतंय.

१३. एका कंपनीनं आवाजाचा 'नमुना' म्हणून चार तासांचं रेकॉर्डिंग मागितलंय. देऊ?

चाचणीला दोन-तीन मिनिटं पुरतात. चार तास मागितले म्हणजे बहुधा आवाजाची नक्कल तयार करायचीय. देऊच नका असं नाही, पण त्याची किंमत एका जाहिरातीची नसते. करारात लिहून घ्या: कशासाठी, किती वर्षं, कुठल्या भाषेत, यंत्राला शिकवायला वापरणार का, आणि पुढे दुसऱ्याला विकणार का. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या बाजूनं अंतरिम आदेश देताना परवानगीवाचून आवाजाची एआय नक्कल करण्याला मज्जाव केला. पण ते नामवंत आहेत, वकील लावू शकतात. तुमच्या-माझ्याकडे कागद हवा.

१४. पंधरा वर्षं कॅज्युअल आहे. कोर्टात गेलो तर कायम करतील का?

वकिलाला विचारा, पण ही दोन नावं माहीत असू द्या. २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रीतसर भरतीशिवाय लागलेल्याला नुसत्या दीर्घ सेवेवर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात मात्र केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांना कायम करायला सांगितलं, आणि उमादेवी निकालाचा आडोसा करून लोकांना राबवू नका असंही सुनावलं.

आपली अडचण प्रश्न ७ मधलीच. ते रोज कामावर होते, आपण महिन्याला सहा दिवस. म्हणून कराराच्या प्रती, ड्युटी चार्ट, मानधनाच्या नोंदी, निवडीचं पत्र हे पहिल्या दिवसापासून फाइलला लावा. चौदाव्या वर्षी शोधायला गेलेल्या एकाला जुने चार्ट रद्दीत गेल्याचं कळलं.

१५. सामुदायिक रेडिओवर पगार मिळतो का?

सामुदायिक रेडिओ म्हणजे एखाद्या संस्थेनं आपल्या परिसरापुरता चालवलेला. पगार थोडा, काही ठिकाणी. बऱ्याच ठिकाणी मानधन किंवा काहीच नाही. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना परवानगी मिळाली. ताकद ५० वॅट, पोच साधारण दहा-पंधरा किलोमीटर. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी ही आपल्याकडची नावं. २०२४ मध्ये जाहिरातीची मर्यादा तासाला ७ वरून १२ मिनिटं झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये. तरी यावर पाच-सहा जणांचे पगार निघणं कठीण.

पण शिकायचं असेल तर मी आधी इथेच पाठवते. इथला प्रत्येक तास स्थानिक असतो. वीज गेली, पाहुणा आला नाही, शेळी स्टुडिओत शिरली, सगळं तुम्हालाच निस्तरायचंय.

१६. ऑडिओबुक, डबिंग, पॉडकास्ट यातून पैसे मिळतात?

मिळतात, पण सलग नाही. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये मराठीसह भारतात आलं तेव्हापासून मराठी पुस्तकं वाचण्याचं काम दिसू लागलं. पुस्तक वाचणं आणि सभा चालवणं यात फरक मोठा: दहा तासांची तयार फाइल म्हणजे कितीतरी जास्त तास बंद खोलीत, पंखा बंद करून. मानधन तयार तासावर ठरतं की बसलेल्या तासावर, हे आधी विचारा. पॉडकास्टवर घर चालवणारा आमच्या ओळखीत एकही नाही.

१७. पन्नास हजार फीचा आरजे कोर्स करू का?

नको.

१८. 'प्लेसमेंटची हमी' आहे म्हणतात. तरीही नको?

मागच्या तुकडीतले कोण कुठल्या वाहिनीवर, किती वाजता ऐकू येतात ते विचारा. त्या वेळी रेडिओ लावून बघा.

१९. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. नोकरी सांभाळून कॅज्युअल करता येईल?

येईल, बरेच जण करतात. खात्याचं ना हरकत पत्र लागतं, आणि ते मिळायला मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी असं फिरावं लागतं, तेव्हा जाहिरात निघाल्या दिवशीच अर्ज टाका. पहाटेची सभा घेणार असाल तर बदलीचं गाव केंद्रापासून किती लांब पडेल ते बघून ठेवा. पाचला निघणारी एस.टी. प्रत्येक गावाहून नसते. मानधनावर टीडीएस कापला गेला तर विवरणपत्र भरा आणि ते उत्पन्न पगारासोबत दाखवा. ना हरकत पत्राची मूळ प्रत केंद्रात जाते. दोन झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, अधिकारी बदलले की ते पुन्हा मागतात.